घराच्या वेशीवरचा पहारेकरी

गांवाला वेस असे, त्या काळीं वेशीवरचा पहारेकरी कोणाच्या पदरीं आहे, हा प्रश्न कोणी क्षुल्लक समजत नसे. पहारेकरी गांवचा चाकर असेल तर दार उघडण्याची व मिटण्याची सत्ता गांवाकडे राही. तो परक्याचा असेल, तर वेस कितीहि भक्कम असली तरी तिचा भरंवसा उरत नसे. आज शहरांतील सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यांत, टेबलाच्या कोपऱ्यावर किंवा भिंतीच्या खिळ्याला, असाच एक पहारेकरी बसविलेला असतो. त्याला राउटर म्हणतात. त्याचे दोनतीन दिवे लुकलुकत असतात, आणि इंटरनेट बंद पडल्याखेरीज त्याची कोणाला आठवण होत नाहीं. तथापि मुलांचा अभ्यास, वडील माणसांचे बँकेचे व्यवहार, डॉक्टरांचा सल्ला, परदेशीं असलेल्या लेकीशीं होणारें संभाषण, हें सारें त्याच्याच हातांतून जातें. या पहारेकऱ्याचा धनी कोण? ज्यानें पैसे मोजून तें यंत्र घरीं आणलें तो, कीं ज्यानें तें बनवून विकलें तो? या प्रश्नाचा झगडा गेल्या पंचवीस वर्षांतला आहे, आणि आपल्या घरासाठीं राउटरचें सॉफ्टवेअर निवडूं पाहणाऱ्यानें तो अवश्य जाणून घ्यावा असा आहे.

राउटरचीं कामें मुख्यतः दोन. पहिलें काम टपालाच्या शिपायासारखें. इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान लखोट्यांत विभागलेला असतो, आणि प्रत्येक लखोट्यावर पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता असतो. १९८१ सालीं हे पत्ते शून्य व एक या दोनच अंकांच्या बत्तीस स्थानांत लिहावयाचे ठरलें. त्यामुळें सगळे मिळून पत्ते झाले ४,२९,४९,६७,२९६. तेव्हां ही संख्या अपार वाटली. परंतु दहाबारा वर्षांतच ती अपुरी पडणार अशीं चिन्हें दिसूं लागलीं. १९९४ सालीं केल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस यांनीं एक युक्ति सुचविली. चाळीचा पत्ता एक, पण आंत बिऱ्हाडें अनेक. दारावरचा माणूस कोणतें पत्र कोणत्या खोलींत द्यावयाचें हें लक्षांत ठेवतो. त्याच रीतीनें घराबाहेर एकच पत्ता दाखवावा, आंत प्रत्येक यंत्राला खासगी पत्ता द्यावा, आणि दोहोंचा मेळ राउटरनें घालावा. आज घरोघरीं हीच व्यवस्था चालू आहे.

दुसरें काम फायरवॉलचें. हा शब्द गवंडीकामांतला. इमारतीच्या एका भागांत लागलेली आग दुसऱ्या भागांत पसरूं नये म्हणून मध्यें जी भिंत बांधतात, तिचें हें नांव. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्यानें सोडलेला एक प्रोग्राम आपोआप एका संगणकांतून दुसऱ्यांत शिरत गेला, आणि हजारों संगणक त्यानें जेरीस आणले. परस्परांवर विश्वास टाकून चाललेल्या त्या लहानशा जगाला कुंपणाची गरज आहे, हें या प्रसंगानें सर्वांना पटलें. लखोट्यावरचा पत्ता व प्रकार पाहून कोणाला आंत घ्यावयाचें आणि कोणाला परतवावयाचें, हें ठरविणारे नियम म्हणजे फायरवॉल. आरंभीं हें साधन मोठ्या कंपन्या व विद्यापीठें यांनाच परवडणारें होतें. पुढें जानेवारी २००१ मध्यें लायनक्सची २.४ ही आवृत्ति आली, आणि रस्टी रसेल व त्याचे सहकारी यांनीं रचलेली नेटफिल्टर नांवाची चाळणी तिच्याबरोबर सर्वांना विनामूल्य मिळाली. जुना, अडगळींत पडलेला संगणकहि आतां घराचा पहारेकरी होऊं शकत होता. २००० सालीं निघालेला स्मूथवॉल आणि पुढच्याच वर्षीं त्याच्यापासून फुटलेला आयपीकॉप हे प्रकल्प नेमके याच कामासाठीं जन्मले. परंतु घरांत एक मोठा संगणक रात्रंदिवस घोंघावत ठेवणें हौशी माणसांनाच मानवणारें होतें. सामान्य कुटुंबाला हवी होती एक लहानशी पेटी.

ती पेटी डिसेंबर २००२ मध्यें बाजारांत आली. लिंक्सिस कंपनीची डब्ल्यूआरटी-५४जी ही निळ्या-काळ्या रंगाची, मागें दोन अँटेना असलेली पेटी तारेवांचून इंटरनेट पुरवी. नांवांतील ५४ हा आंकडा तिच्या वेगाचा, सेकंदाला ५४ मेगाबिट. तिचा खप अफाट झाला. मार्च २००३ मध्यें सिस्को या बलाढ्य कंपनीनें सुमारें ५० कोटि डॉलरांच्या मोबदल्यांत लिंक्सिस विकत घेण्याचें जाहीर केलें. त्यानंतर थोड्याच महिन्यांत कांहीं चौकस प्रोग्रामकर्त्यांनीं त्या पेटींतील सॉफ्टवेअर उकलून पाहिलें, आणि आंत लायनक्स निघालें.

यांत एवढें विशेष काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर एका परवान्यांत आहे. रिचर्ड स्टॉलमन यानें १९८३ सालीं जीएनयू हा प्रकल्प पुकारला. ज्याच्या हातीं सॉफ्टवेअर आहे त्याला तें वाचतां, बदलतां व दुसऱ्यास देतां आलें पाहिजे, असा त्याचा आग्रह. या आग्रहाला कायद्याचें रूप देणारा जीपीएल हा परवाना १९८९ सालीं निघाला, त्याची दुसरी आवृत्ति १९९१ सालीं आली, आणि १९९२ सालीं लिनस टोरवाल्ड्स यानें आपलें लायनक्स त्याच परवान्याखालीं आणलें. या परवान्याचा करार सरळ आहे. सॉफ्टवेअर घ्या, वापरा, हवें तसें बदला, त्यावर पैसेहि मिळवा. मात्र तें दुसऱ्याच्या हातीं द्याल तेव्हां प्रोग्रामकर्त्यानें लिहिलेली मूळ संहिताहि मागेल त्याला दिली पाहिजे. विहीर सर्वांना खुली, पण पाणी नेणारानें वाट अडवूं नये, असा हा करार होय. लिंक्सिसनें पाणी नेलें होतें. वाट मोकळी ठेवली नव्हती. यंत्रांतील चिप ब्रॉडकॉमची, सॉफ्टवेअर तिच्याबरोबर आलेलें, पेटीवरचें नांव लिंक्सिसचें आणि मालकी सिस्कोची, अशा साखळींत जबाबदारी कोणाची हेंच धूसर झालें होतें. लोकांनीं तगादा लावला, आणि २००३ सालींच कंपनीनें मूळ संहिता प्रसिद्ध केली.

सरकारी फर्मान नाहीं, मोठें आंदोलन नाहीं. एका परवान्यांतील एक कलम पाळलें गेलें, आणि बाजारांतील सर्वांत लोकप्रिय राउटरचे अंतरंग जगापुढें उघडे झाले. जानेवारी २००४ मध्यें त्या संहितेच्या आधारें ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या आरंभींच्या आवृत्त्यांना मद्यमिश्रणांचीं नांवें असत, आणि राउटरमध्यें प्रवेश करतांच त्या पेयाची कृतीहि पडद्यावर वाचावयास मिळे! मात्र त्यामागील विचार गंभीर होता. कंपनीचें सॉफ्टवेअर म्हणजे एक बंद गठडी. त्यांतलें कांहीं काढतां येत नाहीं कीं घालतां येत नाहीं. ओपनडब्ल्यूआरटीनें राउटरला पूर्ण संगणकाचा दर्जा दिला. ज्या घराला जें हवें तेवढेंच त्यांत घालावें, नको तें काढून टाकावें. मुलांसाठीं वेळेचें बंधन, पाहुण्यांसाठीं निराळें जाळें, जाहिरातींना मज्जाव, असे नाना उपयोग त्यांतून निघाले.

त्याच संहितेपासून आणखीहि फांद्या फुटल्या. जर्मनींतील सेबास्टियन गॉटशाल यानें २००५ सालीं डीडी-डब्ल्यूआरटी काढलें. नांवांतील डीडी हीं अक्षरें ड्रेस्डेन शहरच्या मोटारींच्या पाट्यांवरचीं. जॉनथन झराटे याचें टोमॅटो २००६ सालचें. आटोपशीर, आणि एका दृष्टिक्षेपांत समजणारें. झराटे यानें २०१० नंतर तें पुढें चालविलें नाहीं, पण इतरांनीं तें हातीं घेतलें, आणि फ्रेशटोमॅटो या नांवानें तो वेल अजून हिरवा आहे.

कंपन्यांनीं मात्र हें सारें आनंदानें स्वीकारलें असें नाहीं. २००५ सालीं त्याच पेटीची पांचवी आवृत्ति आली, तेव्हां आंतील लायनक्स गेलें, त्याच्या जागीं व्हीएक्सवर्क्स हें बंद सॉफ्टवेअर आलें आणि स्मृति निम्म्यानें घटली. गिऱ्हाइकांची नाराजी ओळखून कंपनीनें त्याच वर्षाच्या अखेरीस जुनें लायनक्सवालें यंत्र निराळ्या नांवानें पुन्हां विक्रीस काढलें. नांवाच्या शेवटीं एल हें एक अक्षर जोडलेली ही पेटी पुढें वर्षानुवर्षें खपत राहिली. डिसेंबर २००८ मध्यें फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननें सिस्कोवर न्यूयॉर्क येथें दावा लावला. मे २००९ मध्यें त्यांत तडजोड झाली. परवान्याचें पालन होतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एक अधिकारी नेमण्याचें कंपनीनें मान्य केलें, आणि फाउंडेशनला देणगीहि दिली. तत्पूर्वीं, मे २००४ मध्यें, नेटफिल्टरच्या कर्त्यांपैकीं एक असलेल्या हाराल्ड वेल्टे याच्या बाजूनें म्यूनिकच्या न्यायालयानें निकाल देऊन हा परवाना कायद्यानें बंधनकारक असल्याचें ठरविलें होतें.

या इतिहासाची दुसरी धारा बीएसडी या कुळांतून वाहते, आणि तीहि एका परवान्याच्या वादांतूनच निघाली. ओपनबीएसडी या प्रणालींत आयपीफिल्टर नांवाची फायरवॉल होती. २००१ सालीं तिच्या कर्त्यानें, माझ्या अनुमतीवांचून तींत फेरफार करतां येणार नाहींत, असा परवान्याचा अर्थ सांगितला. ओपनबीएसडीच्या मंडळींनीं तत्काळ ती फायरवॉल काढून टाकली. डॅनियल हार्टमायर या स्विस प्रोग्रामकर्त्यानें कांहीं महिन्यांतच पीएफ ही नवी फायरवॉल लिहून दिली, आणि डिसेंबर २००१ च्या आवृत्तींत ती दाखल झाली.

२००३ सालीं स्वित्झर्लंडमधीलच मानुएल कास्पर यानें फ्रीबीएसडीवर आधारलेलें मोनोवॉल प्रसिद्ध केलें. फायरवॉलचे नियम क्लिष्ट आज्ञांऐवजीं ब्राउझरच्या पानावरून ठरवितां यावेत, आणि सारी मांडणी एकाच फाइलींत जपून ठेवतां यावी, ही त्याची कल्पना पुढें सर्वत्र रूढ झाली. २००४ सालीं क्रिस ब्यूकलर व स्कॉट उलरिख यांनीं त्यापासून पीएफसेन्स ही शाखा काढली. नांवांतला पीएफ तोच, हार्टमायरचा. जानेवारी २०१५ मध्यें नेदरलंड्समधील डेसिसो कंपनीनें पीएफसेन्सपासून ओपीएनसेन्स वेगळें केलें. पुढच्याच महिन्यांत, १५ फेब्रुवारी २०१५ रोजीं, कास्पर यानें बारा वर्षांनंतर मोनोवॉलचें काम थांबविल्याचें जाहीर केलें, आणि आपल्या वापरकर्त्यांस ओपीएनसेन्सचा विचार करण्याचा सल्ला दिला. मूळ पुरुषानें निवृत्त होतांना नातवाकडे बोट दाखवावें, तसा हा प्रसंग. घराण्यांतील भाऊबंदकीहि चुकली नाहीं. ओपीएनसेन्सच्या नांवाचा एक इंटरनेट-पत्ता प्रतिपक्षाकडे होता. तो डेसिसोच्या स्वाधीन करण्याचा निकाल २०१७ सालीं जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढील लवादांत झाला.

येथें दोन परवान्यांतील भेद स्पष्ट दिसतो. जीपीएल मूळ संहिता उघडी ठेवण्यास भाग पाडतो. बीएसडी कुळांतले परवाने तशी सक्ति करीत नाहींत. त्यामुळें २०२१ सालापासून पीएफसेन्सच्या चालक कंपनीनें प्लस नांवाची बंद आवृत्ति निराळी काढली आणि खुली आवृत्ति तिच्याशेजारीं ठेवली. यांत बेकायदा कांहीं नाहीं. मात्र निवड करणारानें हें ध्यानांत घेतलें पाहिजे, कारण ज्या झाडाखालीं घर बांधावयाचें, त्याचीं मुळें कोणाच्या जमिनींत आहेत हें पाहणें शहाणपणाचें होय.

हा सारा खटाटोप हौसेचा, सामान्य गृहस्थाला त्याचें काय, अशी शंका कोणाला येईल. २०१६ सालानें तिचें निरसन केलें. त्या वर्षीं मिराई नांवाच्या घातकी प्रोग्रामानें घरोघरींचे कॅमेरे व राउटर काबीज केले. त्याची कुलपें फोडण्याची रीत अगदीं सोपी होती. कारखान्यांत घातलेला पासवर्ड लोकांनीं कधीं बदललाच नव्हता. २१ ऑक्टोबर रोजीं या ताब्यांतील यंत्रांच्या फौजेनें डिन या कंपनीवर हल्ला चढविला, आणि अमेरिकेंतील कित्येक मोठीं संकेतस्थळें दिवसाचा बराच वेळ दिसेनाशीं झालीं. नोव्हेंबरअखेर जर्मनींत डॉइश टेलेकोमच्या सुमारें ९ लाख ग्राहकांचे राउटर अशाच एका हल्ल्यांत कोलमडले. मे २०१८ मध्यें उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टरनें ५४ देशांतील किमान ५ लाख यंत्रांत ठाणें दिलें होतें. ज्यांच्या दिवाणखान्यांत हीं यंत्रें होतीं, त्यांतील बहुतेकांना आपला पहारेकरी फितूर झाल्याचा पत्ताहि नव्हता. याचें मूळ व्यापाराच्या रीतींत आहे. राउटर विकला कीं नफा पदरांत पडतो. त्यानंतर वर्षानुवर्षें त्याची डागडुजी करण्यांत कंपनीला लाभ नसतो. यंत्र आठदहा वर्षें चालतें, आणि सॉफ्टवेअर मात्र दोनतीन वर्षांतच पोरकें होतें. मुक्त सॉफ्टवेअरचें खरें मोल येथें कळतें. बनविणारानें सोडून दिलेल्या कित्येक यंत्रांना ओपनडब्ल्यूआरटीनें पुढें अनेक वर्षें पोसलें.

दोष काढून टाकणें एवढ्यावरच या मंडळींचें काम थांबलें नाहीं. घरांत कोणी मोठी फाइल पाठवूं लागला कीं दुसऱ्याचें संभाषण अडखळतें, हा अनुभव घरोघरींचा. राउटरमध्यें लखोट्यांचा ढीग सांचतो आणि बोलण्याचा लखोटा त्याखालीं दबून राहतो, हें त्याचें कारण. जिम गेटिस यानें २०१०-११ च्या सुमारास या विकाराचें निदान जगापुढें मांडलें. २०१२ सालीं कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनीं ढीग आटोक्यांत ठेवण्याची एक रीत शोधली. डेव्ह टॅट व त्याचे सोबती यांनीं सेरोडब्ल्यूआरटी या ओपनडब्ल्यूआरटीच्या शाखेला प्रयोगशाळा करून ती पारखली. आज ती असंख्य यंत्रांत मुकाट्यानें काम करीत आहे.

मध्यंतरीं या चळवळीवर संकटेंहि आलीं. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगानें रेडिओलहरींच्या मर्यादेविषयीं नियम कडक केले, तेव्हां कंपन्या सबंध राउटरलाच कुलूप घालतील अशी भीति २०१५ सालीं निर्माण झाली. ऑगस्ट २०१६ मध्यें टीपी-लिंक कंपनीनें याच प्रकरणीं २ लाख डॉलर भरले. परंतु त्याच तडजोडींत, मुक्त सॉफ्टवेअर आपल्या यंत्रांवर चालूं देण्याच्या दृष्टीनें प्रयत्न करण्याचेंहि तिनें कबूल केलें. त्याच वर्षीं ओपनडब्ल्यूआरटींत अंतर्गत मतभेद होऊन लीड नांवाचा गट वेगळा झाला. जानेवारी २०१८ मध्यें दोघे पुन्हां एकत्र आले, आणि विभक्तांनीं घालून दिलेली शिस्त एकत्र घरानें स्वीकारली.

तर मग गृहस्थानें निवड कशी करावी? इतिहासानें चार प्रश्न शिकविले आहेत. पहिला प्रश्न, या सॉफ्टवेअरची डागडुजी आज चालू आहे काय? शेवटची दुरुस्ती केव्हां झाली ही तारीख, सोयींच्या लांबलचक यादीपेक्षां अधिक बोलकी असते. दुसरा, तें कोणाच्या मालकीचें व कोणत्या परवान्याखालीं आहे? तिसरा, आपल्या यंत्राला तें झेपतें काय? ज्या डब्ल्यूआरटी-५४जी वर ओपनडब्ल्यूआरटी जन्मलें, तिच्या ४ मेगाबाइट साठवणींत व १६ मेगाबाइट स्मृतींत आजची आवृत्ति मावत नाहीं. म्हणून यंत्र घेण्यापूर्वींच प्रकल्पाच्या यादींत त्याचें नांव व आवृत्तीचा क्रमांक आहे कीं नाहीं हें ताडून पाहावें. चुकीची प्रत चढविल्यास चांगलें यंत्र निकामी होऊं शकतें. चौथा प्रश्न सर्वांत घरगुती आहे. याची देखभाल घरांतील कोण करणार? मुक्त सॉफ्टवेअर आपोआप रक्षण करीत नाहीं. पासवर्ड बदलणें व नवी आवृत्ति वेळच्या वेळीं चढविणें हें कोणीतरी अंगावर घ्यावेंच लागतें.

या कसोट्या लावल्या म्हणजे वाट पुष्कळशी सुकर होते. लहान कुटुंबाला, हातीं असलेली पेटी यादींत बसत असेल तर, ओपनडब्ल्यूआरटी पुरेसें आहे. ज्यांच्या घरांतूनच कचेरीचें काम चालतें, ज्यांना नियम बारकाईनें आंखावयाचे आहेत, त्यांनीं जाळ्याच्या तारेसाठीं निदान दोन खोबणी असलेला लहानसा संगणक घेऊन त्यावर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स बसवावें आणि तारेवांचूनच्या जाळ्यासाठीं निराळें यंत्र ठेवावें. ओपीएनसेन्सची मोठी आवृत्ति दरवर्षीं जानेवारी व जुलै या दोन महिन्यांत येते, हा नेमहि निवडींत धरण्यासारखा आहे. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीची पेटी बहुधा काढून टाकतां येत नाहीं. तिच्यामागें आपली पेटी लावणें हाच व्यवहार्य मार्ग. मात्र दोन्ही पेट्या एकाच वेळीं पत्त्यांचा मेळ घालूं लागल्या तर घोटाळा होतो, म्हणून कंपनीच्या पेटीनें केवळ पूल म्हणून काम करावें अशी मांडणी तिच्याकडून करून घ्यावी.

नोव्हेंबर २०२४ मध्यें या इतिहासाला एक नवें पान जोडलें गेलें. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या साहाय्यानें ओपनडब्ल्यूआरटीच्या मंडळींनीं ओपनडब्ल्यूआरटी वन हा स्वतःचा राउटर विक्रीस आणला. किंमत ८९ डॉलर. त्यांत साठवण दुहेरी ठेवलेली आहे. एकींतली प्रत बिघडली तरी दुसरींतून यंत्र पुन्हां सावरतां येतें, म्हणजे प्रयोग करणाऱ्या नवशिक्यालाहि तें दगा देत नाहीं. वीस वर्षांपूर्वीं या लोकांपाशीं स्वतःची पेटी नव्हती. दुसऱ्याच्या पेटीचें कुलूप कायद्याच्या किल्लीनें उघडून त्यांना आरंभ करावा लागला. प्रत्येक घरानें असा राउटर घ्यावा असें नाहीं, आणि कंपनीच्या पेटीवर संतुष्ट असणाराला कोणी नांवें ठेवूं नयेत. परंतु नको असलेला पहारेकरी बदलतां येतो, आणि ठेवलेल्या पहारेकऱ्याचें अंतःकरण उघडून पाहतां येतें, एवढा हक्क आतां गृहस्थाच्या पदरांत आहे. तो कोणी दान म्हणून दिलेला नाहीं. परवान्यांतील एका कलमाचा अर्थ गंभीरपणें घेणाऱ्या थोड्या माणसांनीं तो मिळविला, आणि ज्या घरांत त्याचा उपयोग होईल, त्या घरांतच तो पुढें टिकेल.